बाप्यांचं दुखणं

"सर, भूत खानदानी होता है क्या?"

बारावी बायोच्या वर्गात हा प्रश्न पडला आणि मागचे दोन बाक हसून हसून एकमेकांच्या अंगावर कोसळले. प्रश्न मृणालच्या तोंडून आला होता, पण त्याची मालकीण तिची मैत्रीण गायत्री होती. मधल्या सुट्टीत ती म्हणाली होती, "भाषणात जिल्ह्यात पहिली आली ना तू? आता कोणाला भीत नाही ना? मग दम असेल तर योगेश सरांना हे विचार. मावा जलेबी माझ्याकडून, गरमागरम."

आता एक वर्षापूर्वीची मृणाल असती तर असल्या पैजेच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. ती हजेरी इतकी हळू द्यायची की सर तिची गैरहजेरी लावून मोकळे व्हायचे. पण जानेवारीत वक्तृत्व स्पर्धेत तिला आपला आवाज सापडला आणि तेव्हापासून नव्या सायकलसारखं झालं होतं. रस्त्यात कोणी असो नसो, घंटी वाजवायचीच.

योगेश सर फळ्यावर वाटाण्याच्या पिढ्या मांडत होते. ते वळले, पण हसले नाहीत. खडू खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कोणाला लागतं हे भूत?"

"माझ्या आत्याला," मृणाल म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की गंमत इथेच संपली. गायत्री वहीत डोकं घालून बसली.

"तास संपला की थांब," सर म्हणाले.

वर्ग रिकामा झाल्यावर सरांनी तिला समोरच्या बाकावर बसवलं आणि एकेक प्रश्न विचारला. कधी होतं? सकाळी, बहुतेक वेळा उठतानाच. आदल्या दिवशी काय झालेलं असतं? खूप काम. मग ती जरा टेकते, आणि उठायला जाते तर हातपाय लाकडासारखे. शुद्ध जाते का? "नाही सर, तेच तर! तिला सगळं ऐकू येतं. लोक तिच्या तोंडावर काय काय बोलतात, ते सगळं. फक्त उठता येत नाही. तास-दोन तासांनी आपोआप बरी होते."

"त्या वेळी तुम्ही तिला काय देता?"

"केळं. अजून काय देणार सर? बहादरपूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार?" अशक्त माणसाला केळं, बाळंतिणीला केळं, परीक्षेला जाणाऱ्याला केळं. ज्या गावात घरामागे केळीची बाग नि बागेमागे घर, तिथे ते औषधासारखंच चालायचं.

सरांनी फळ्याचा एक कोपरा पुसला. "बघ, स्नायूंच्या पेशींना बारीक बारीक दारं असतात. सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, अशी सारखी ये-जा चालते. त्या दाराचा नकाशा एका जीनमध्ये लिहिलेला असतो. त्या लिखाणात एक अक्षर चुकलं की दार नीट लागत नाही. मेंदू सांगतो हात उचल, हाताला हुकूम पोचतो, पण स्नायू हलूच शकत नाही. काही घराण्यांत असं असतं की रक्तात पोटॅशियम वाढलं की दार जास्तच अडकतं. आणि पोटॅशियम कशात भरपूर?"

मृणालला उत्तर येत होतं. पाचवीपासून पाठ होतं. "केळ्यात," ती पुटपुटली.

"मी डॉक्टर नाही," सर म्हणाले. "आणि याचाच एक उलटा भाऊ आहे, त्यात पोटॅशियम कमी होतं. म्हणून अंदाजानं काही करायचं नाही. मेंदू-नसांच्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि रक्त तपासायचं ते झटका चालू असताना. दुसऱ्या दिवशी तपासलं तर सगळं नॉर्मल येतं."

"आलंच होतं नॉर्मल!" मृणाल ताडकन उठली. "नेपानगरला तिच्या सासरच्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी तपासलं. आणि तो कागद तेव्हापासून तिच्या नाकासमोर नाचवू राहिलेत. म्हणे रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे सोंग!"

सरांनी फळ्यावर एक चौकोन आणि एक गोल काढला, मधे रेघ. "पुरुष चौकोन, बाई गोल. ज्याला आजार आहे त्याचं चिन्ह काळं करायचं. हे तुझे आजी-आजोबा. ही त्यांची मुलं, तुझे पप्पा नि आत्या." त्यांनी आत्याचा गोल खडूनं भरला. "हा असा आजार असेल तर तो बहुतेक एका पालकाकडून येतो. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं उडवल्यासारखं. मुलगा आहे का मुलगी, नाणं बघत नाही. मग तुझ्या आत्याला आला कुठून? वरच्या दोघांपैकी कोण?"

"कोणालाच नव्हतं सर. आमच्या घरात फक्त तिलाच."

"घरी जाऊन विचार," सर म्हणाले. "लोकांना जे माहीत असतं ते सगळं ते सांगत नाहीत."

घरी जाताना सायकलवर मृणालच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रविवार. आज शुक्रवार, म्हणजे परवा.

मोनाली आत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण, मृणालपेक्षा दहाच वर्षांनी मोठी. नेपानगरला दिली होती. नवरा मोहित, सासू गोदाबाई. पहिलं वर्ष बरं गेलं. मग एका सकाळी आत्या उठली नाही. मग दुसऱ्या सकाळी. गोदाबाईंनी आधी दृष्ट काढली, मग एका बाबाकडे नेऊन बाहेरची बाधा ठरवली, आणि त्या बाबानं अंगारा देऊनही भूत निघेना तेव्हा निकाल दिला: "भूतबित काही नाही. कामाचा कंटाळा. सोंग करते ही." गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आलेली आत्या परत गेलीच नाही, कारण न्यायला कोणी आलंच नाही.

आता येणार होते. रविवारी सकाळी, मोहितचे काका नि दोन वडीलधारी माणसं घेऊन. अट एकच. आत्यानं चार माणसांत म्हणायचं, "मी सोंग करत होते, आता करणार नाही." एवढं एक वाक्य. ते म्हटलं की तिला गाडीत बसवून नेणार. पप्पांनी फोनवर हो म्हणूनही टाकलं होतं.

आणि आत्याही तयार होती, हे मृणालला सगळ्यात जास्त झोंबत होतं. त्या रात्री पप्पा उशिरा घरी आले, म्हणून विचारायचं राहूनच गेलं.

शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास आईचा आवाज आला. "मृणू, ऊठ. तुझ्या आत्याला पुन्हा झालं."

शुक्रवारी दिवसभर आत्यानं पाहुण्यांसाठी घर धुऊन काढलं होतं, शेतातल्या पाण्याच्या मोटारीवर सात गोधड्या आपटल्या होत्या, आणि संध्याकाळी "आता जरा टेकते" म्हणाली होती. ती आता मधल्या खोलीत उताणी पडली होती. डोळे उघडे, नजर छताला. हात कोणीतरी ठेवून दिल्यासारखे.

"उद्या पाहुणे, आणि आज हे," आई हळहळली. आईच्या, म्हणजे कमलबाईंच्या, मनात कपट नव्हतं. नणंदेसाठी त्यांचा जीव तुटायचा. त्या स्वयंपाकघरातून वाटीत दोन केळी कुस्करून घेऊन आल्या, वर दूध. "घे ग मोना. अंगात ताकद येईल."

"आई, थांब!" मृणाल ओरडली. पण तिच्याही आधी दारातून दुसरा आवाज आला.

"केळं नको देऊ तिला."

दिगंबर पाटील, म्हणजे मृणालचे पप्पा, शेतावर निघालेले, एका हातात विळा. त्यांनी तो दाराशी टेकवला. "गुळाचं पाणी कर. कोमट." मग ते बहिणीजवळ मांडी घालून बसले, तिची गोधडी पायापर्यंत ओढली आणि अगदी हळू म्हणाले, "घाबरू नको मोना. जोर लावू नको. आधी अंगठा येईल. अंगठा आला की टाच जमिनीला घासायची, थोडी थोडी. थांबलीस की पुन्हा धरतं. मान सगळ्यात शेवटी येते, तिची वाट पाहू नको."

मृणाल भिंतीला टेकून उभी होती. आत्याला तिनं पंधरा-वीस वेळा असं पडलेलं पाहिलं होतं. अंगठा आधी येतो हे तिला माहीत नव्हतं. आईला माहीत नव्हतं. बघणाऱ्याला ते दिसतच नाही. हे आतून माहीत होतं, ज्याचं अंग धरलंय त्याला.

आणि मग तिला पप्पांचं ताट आठवलं. उपवासाला सगळं घर केळी खाई, पप्पा भगर खात. तीन एकर केळीची बाग असलेला माणूस केळं तोंडाला लावत नव्हता. "पोटाला सोसत नाही," असं म्हणायचे. आणि कडू आजोबा, पप्पांचे वडील! गावात अजून थट्टा चालते: कडूबुवानं आयुष्यभर केळी पिकवली नि एक खाल्लं नाही, नाव कडू म्हणून गोड चालत नव्हतं. या गोष्टीवर मृणालसुद्धा दहा वेळा हसली होती.

गुळाचं पाणी चमच्यानं पाजलं. रक्त आत्ताच तपासायला हवं, हे मृणालला आठवलं, पण सकाळी सहाला कुठली लॅब उघडी असणार? अर्ध्या तासानं आत्याचा अंगठा हलला.

"पप्पा," मृणाल म्हणाली, "तुम्हाला कसं माहीत?"

"काय?"

"अंगठा आधी येतो ते."

दिगंबर विळा उचलायला वाकले.

"विळा राहू द्या. आजोबांनाही होतं ना हे? आणि तुम्हाला?"

"मृणाल, आवाज खाली," आई म्हणाली. पण ती स्वतः नवऱ्याकडे बघत होती. तिच्या हातातली केळ्याची वाटी तशीच होती. "वात म्हणाला होतात तुम्ही मला. लग्नाला वीस वर्षं झाली. सकाळी दोन-दोन तास ओट्यावर बसून राहायचात आणि म्हणायचात, वातानं पाय धरलाय, चहा इथेच दे."

"वातच आहे तो," दिगंबर म्हणाले, आणि मग खांद्यावरचं ओझं उतरवल्यासारखे उंबऱ्यावर बसले. "बाबा म्हणायचे, हे आपल्या घरच्या बाप्यांचं दुखणं आहे. कोणाला सांगायचं नाही. केळं खायचं नाही, उपाशी राहायचं नाही, काम करून लगेच बसायचं नाही. तीन गोष्टी पाळ म्हणाले, निभून जाईल. बायांना हे नसतं म्हणाले. म्हणून मोनाचं मला... मला वाटलं वेगळं काही असेल."

"वेगळं म्हणजे सोंग?"

"मी तसं म्हटलं नाही कधी."

"पण नाहीही म्हटलं नाही!" मृणालचा आवाज आता घंटीसारखा नव्हता, चढत्या मोटारीसारखा होता. "अंग तेच, सकाळ तीच, दुखणं तेच. तुम्ही ओट्यावर बसलात की वात. आई चहा घेऊन हजर. आत्या पडली की सोंग. तिच्या अंगावर अंगारा, धुरी, सासूच्या शिव्या. बाप्याला झालं तर दुखणं आणि बाईला झालं तर नाटक! कोणी ठरवलं हे? जीनला माहीत असतं का समोर चौकोन आहे का गोल?"

"काय चौकोन?" दिगंबर गोंधळले.

"आणि दर महिन्याला नेपानगरला केळीचा घड कोण पाठवायचं? बहिणीच्या सासरी बागेतला पहिला घड, मोठ्या मानानं, तुम्ही! जे तुम्ही स्वतः तोंडात घालत नाही ते!"

हा वार जरा जास्तच लागला. दिगंबरनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. त्यांनी तो घड खरंच प्रेमानं पाठवला होता. कापताना नेहमी सगळ्यात भरलेला निवडत. दुखणं बाप्यांचं, मग बहिणीला केळ्याचं काय भय, इतका सरळ तो विचार होता. इतका सरळ की त्याच्या खाली काय दडलंय हे बघायला ते कधी वाकलेच नव्हते.

अंथरुणावरून आत्याचा आवाज आला. जीभ अजून जड होती. "मृणू, सोड ना. दादाला नको बोलू."

"तुला पण बोलायचंय मला!" मृणाल तिच्याकडे वळली. "लहानपणी पण व्हायचं ना तुला?"

"व्हायचं. शाळेतून चालत आलं की पाय जड. बाबा म्हणायचे आळशी पोर." आत्या हसल्यासारखं करत होती. "त्यांनाच होत होतं म्हणतेस? बघ आता." मग म्हणाली, "एक वाक्यच तर आहे ग. म्हणून टाकते. घर मिळतंय."

"आणि परत झालं मग? होणारच ना! तूच कबूल केलेलं असेल की सोंग होतं. मग पुढच्या वेळी तुला उचलायला कोण येईल? कोणत्या तोंडानं म्हणशील की या वेळी खरं आहे?"

आत्याचे डोळे भरले, पण हात उचलून पुसता येत नव्हते. आईनं पदरानं पुसले.

दिगंबर उंबऱ्यावरूनच बोलले, थकलेल्या आवाजात. "तुला काय वाटतं, मला बहिणीची कीव नाही? मी गप्प बसलो ते तुझ्यासाठी बेटा. चार वर्षांनी तुझं बघायचं. उद्या त्या माणसांसमोर मी म्हटलं की माझ्या बापाला होतं, मला आहे, तर सोमवारपर्यंत खकनारपासून रावेरपर्यंत सगळ्यांना कळेल. पाटलाच्या घरात खोट आहे. कोण विचारेल तुला? एक वाक्य मोनानं म्हटलं तर एका वाक्यावर भागतं. मी बोललो तर तुझा जन्म जातो."

म्हणजे असं होतं तर. आत्याचं नाक कापून मृणालची नथ वाचवायची होती. तिला पप्पांवर राग होता, आणि त्यांच्या गप्प बसण्याचं कारण तीच होऊन बसली होती, कोणी न विचारता.

"पप्पा," ती म्हणाली, "बागेत नवीन रोपं लावताना तुम्ही रोपवाटिकेवाल्याचं डोकं खाता. आईझाड कुठलं, रोग होता का, कागद दाखव. त्याला विचारायची लाज वाटत नाही. आणि तो खरं सांगतो म्हणून तुम्ही पुन्हा त्याच्याकडेच जाता. बरोबर?"

"झाडाचं वेगळं."

"हाव, वेगळंच. झाडाला कोणी सोंगाडं नाही म्हणत."

कमलबाईंना हसू आलं, मग त्यांनी ते गिळलं. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "ती चुकीचं नाही बोलू राहिली हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी वीस वर्षं वाताचं तेल चोळलं तुम्हाला. मला सांगितलं असतं तर मी मोनाला स्वतःच्या हातानं केळी भरवली असती का? माझ्या हातानं झालं हे."

आत्या आता कोपरावर आली होती. टाच जमिनीला घासत होती, थोडी थोडी, भावानं सांगितलं तशी. दिगंबर तिच्याकडे बघत होते. तिनं नजर वर केली आणि विचारलं, "दादा, तुला पण मान शेवटी येते?"

"हाव," दिगंबर म्हणाले. एवढंच. पण हे त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं बोललं गेलं होतं.

"मला वाटायचं मी एकटीच," आत्या म्हणाली. ती टाच घासत राहिली. "मी नाही म्हणणार ते वाक्य," ती शेवटी म्हणाली. "पण मग उद्या काय म्हणू? रिपोर्ट तर त्यांच्याच हातात आहे."

आईनं पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी जमिनीकडे. ज्या माणसानं चाळिशी ओलांडेपर्यंत एक गोष्ट गिळली, त्याच्या घशातून ती एका सकाळी निघत नाही, एवढं मृणाललाही कळलं. कळलं म्हणून राग गेला असं नाही.

ती आईबापांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मी ठरवलंय. उद्या बैठकीत आधी मी बोलणार. आत्या नाही, तुम्ही नाही. मी सांगणार की हा आजार आमच्या घराण्यातला आहे, आजोबांपासून आलाय, आणि माझ्यातही असू शकतो, निम्मी शक्यता. त्यांचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशीचा आहे, झटका गेल्यावर तो नॉर्मलच येतो, योगेश सरांनी सांगितलंय. म्हणजे माझ्यासाठी लपवायचं कारणच संपलं. ज्याला हे ऐकून मला विचारायचं नसेल त्यानं विचारू नये, माझा अर्धा वेळ वाचेल. आणि सोमवारी आपण सगळे आत्याला घेऊन इंदूरला जाणार, नसांच्या डॉक्टरकडे. तिथे डॉक्टर म्हणाले तर जीनच्या तपासणीला आत्याचं रक्त देऊ, पप्पा तुमचं देऊ, आणि माझं देऊ. माझं माझ्या नावानं, पूर्ण नाव, मृणाल दिगंबर पाटील, बहादरपूर. मला अठरा व्हायला चार महिने कमी आहेत, म्हणून तुमची सही लागेल. नाही केली तर मी चार महिने थांबेन आणि मग एकटी जाईन. पण जाणार हे नक्की."